वैद्यकशिक्षण आणि रुग्णाची खाट



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही शाळा दरवर्षी हे व्याख्यान घडवून आणते, त्यांनी आमच्या पिढीला शरीरशास्त्राचा पहिला धडा फळ्यावर रंगीत खडूने हृदयाचे चार कप्पे काढून शिकविला. त्या ऋणाचा उल्लेख करून मी सरळ विषयाकडे वळतो. लांबलेले प्रास्ताविक त्यांनाही रुचत नसे. वैद्यकीय शिक्षणाने डॉक्टरच्या आयुष्याला वळण कसे मिळते आणि त्या वळणाचा बरावाईट परिणाम रुग्णाच्या वाट्याला कसा येतो, हा आजचा विषय आहे. या सभागृहात डॉक्टर थोडे असतील. रुग्ण मात्र आपण सारेच केव्हा ना केव्हा असतो. शिवाय आपल्यापैकी पुष्कळांची मुले व नातवंडे या वाटेने निघालेली आहेत, म्हणून विषय घरचाच आहे.

सुरतेच्या मराठी माणसाने या विषयाची सुरुवात डॉ. रखमाबाईंपासून करावी, असे मला वाटते. १८६४ साली जन्मलेल्या रखमाबाई आपल्याला आठवतात त्या मुख्यतः खटल्यामुळे. वयाच्या अकराव्या वर्षी लागलेले लग्न त्यांनी मानले नाही, पतीने १८८४ साली न्यायालयात धाव घेतली, आणि १८८७ साली मुंबई उच्च न्यायालयाने नांदावयास जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा आदेश दिला तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. या खटल्यावर पुस्तके झाली, चित्रपट झाला. त्यानंतर त्यांनी जे केले त्याकडे आपले लक्ष कमी गेले आहे. १८८९ साली त्या इंग्लंडला गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या, १८९४ साली शिक्षण पुरे केले, आणि १८९५ साली या आपल्या सुरत शहरात स्त्रियांच्या रुग्णालयाची जबाबदारी घेऊन आल्या. येथे त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ काम केले. पुढे राजकोटच्या जनाना रुग्णालयात गेल्या व १९३० च्या सुमारास निवृत्त झाल्या. १९५५ साली, नव्वदीच्या घरात पोहोचल्यावर, त्यांचे निधन झाले. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपण मोठ्या आदराने घेतो आणि ते योग्यच आहे. परंतु १८८६ साली फिलाडेल्फियाची पदवी घेऊन आलेल्या आनंदीबाईंना कोल्हापूरच्या रुग्णालयात रुजू होण्यापूर्वीच, १८८७ च्या फेब्रुवारीत, मृत्यूने गाठले. पदवीनंतरचे दीर्घ वैद्यकीय आयुष्य ज्यांना लाभले त्या मराठी स्त्रियांत रखमाबाई अगदी आरंभीच्या, आणि त्या आयुष्याचा मोठा भाग तापीच्या काठी गेला.

रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील नामांकित वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ. म्हणजे घरात वैद्यक होतेच. पण घरात वैद्यक असणे आणि वैद्यक शिकणे यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर कशाने भरून निघते, हे त्या लंडनच्या विद्यालयाच्या इतिहासात स्पष्ट दिसते. ते विद्यालय १८७४ साली निघाले. शरीररचना, रसायन, औषधिशास्त्र हे सारे तेथे शिकवीत. परंतु पहिली तीन वर्षे लंडनमधले कोणतेही मोठे रुग्णालय या विद्यार्थिनींना आपल्या कक्षांत पाऊल ठेवू देईना. शिकवणारे होते, पुस्तके होती, जिद्द तर अपार होती. रुग्ण तेवढे नव्हते. १८७७ साली रॉयल फ्री रुग्णालयाने दार उघडले आणि मग ते विद्यालय खऱ्या अर्थाने वैद्यकीय विद्यालय झाले. रखमाबाई तेथे पोहोचल्या तेव्हा ही व्यवस्था बारा वर्षांची जुनी झाली होती, म्हणून त्यांना पुस्तकाबरोबर खाट मिळाली. मुंबईत ग्रँट कॉलेज १८४५ साली सुरू झाले ते जमशेटजी जीजीभाई रुग्णालयाला जोडूनच, आणि तेथून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. पश्चिम भारतातील वैद्यकशिक्षणाचा पाया या बाबतीत पहिल्यापासून बरा होता, हे आपले भाग्य म्हणावयाचे.

खाटेवरचे शिक्षण म्हणजे नेमके काय, हे वैद्यकाबाहेरच्या श्रोत्यांसाठी थोडे उलगडून सांगतो. न्युमोनियाची लक्षणे पुस्तकात एका पानावर क्रमाने दिलेली असतात. रुग्ण मात्र त्या क्रमाने आजारी पडत नाही. एखादी म्हातारी केवळ दोन दिवस जेवत नाही आणि असंबद्ध बोलते, एवढ्याच तक्रारीने आणली जाते. ताप नाही, खोकला नाममात्र. तिच्या पाठीवर नळी ठेवल्यावर उजव्या बाजूला खाली केस चोळल्यासारखा बारीक आवाज ऐकू येतो, आणि तो आवाज कोणीतरी जाणत्याने विद्यार्थ्याच्या कानात एकदा बसवून द्यावा लागतो. असे पन्नास रुग्ण पाहिले म्हणजे एकावन्नाव्या वेळी विद्यार्थी स्वतः नळी योग्य जागी ठेवतो. पुस्तक त्याला नाव देते. ओळख खाटेपाशी होते. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका व कॅनडातील एकशे पंचावन्न वैद्यकीय विद्यालये पाहून जो अहवाल लिहिला, त्यात त्यांची मुख्य तक्रार हीच होती की, कित्येक ठिकाणी प्रयोगशाळा नाही आणि रुग्णालयावर विद्यालयाचा काही अधिकार नाही. फ्लेक्सनर स्वतः डॉक्टर नव्हते, शाळामास्तर होते. या वास्तूत ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते! त्यांच्या अहवालानंतर कित्येक विद्यालये बंद पडली. त्यांत कृष्णवर्णीयांची आणि स्त्रियांची काही विद्यालयेही गेली, हा त्या सुधारणेचा काळा भाग होय.

खाटेपाशी आणखी एक विषय शिकावा लागतो, आणि तो आपल्याकडे अजूनही पुरेसा शिकविला जात नाही. तो म्हणजे रुग्णाची भाषा. इंग्रजी पुस्तकात दुखणे म्हणजे ‘पेन’, आणि केसपेपरवरही तेवढेच उतरते. आपल्या माणसाकडे मात्र दुखण्याला किती शब्द आहेत ते पाहा. बरगडीत चमक निघते. पोटात मुरडा येतो. गळवाला ठणका लागतो. दाढ ठसठसते. जखम चुरचुरते. छातीत जळजळते, किंवा छातीवर कोणी दगड ठेवल्यासारखे दडपण येते. यांतला प्रत्येक शब्द अर्धे निदान करून देतो. मुरडा म्हटले की आतडे, ठणका म्हटले की बहुधा पू, जळजळ म्हटले की प्रथम आम्लपित्ताचा विचार, आणि दडपण म्हटले की पुढचा प्रश्न न विचारता हृदयाचा आलेख काढावा. लिंबायत किंवा उधन्याकडून येणारी खानदेशी बाई अहिराणी वळणाने आपली व्यथा सांगते. गंजामहून मागावर कामाला आलेला ओडिया तरुण मोडक्या हिंदीत सांगतो. तरुण डॉक्टर एखाद्या तिसऱ्याच राज्यातून अखिल भारतीय प्रवेशपरीक्षेच्या आधारे आलेला असतो. तिघेही सज्जन, पण मध्ये शब्द नाही. शब्द नसला की डॉक्टर तपासण्यांची यादी लिहून देतो, आणि त्या यादीचा खर्च रोजंदारीवरचा माणूस भरतो. माझ्या मते कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षी शरीररचनेच्या तोडीचा मान स्थानिक बोलीला मिळावयास हवा. २०१९ पासून लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमात आरंभीच्या पायाभूत वर्गांत स्थानिक भाषेला जागा दिली आहे, आणि वृत्ती, नीती व संवाद असा स्वतंत्र भागही आहे. तो किती मनापासून शिकविला जातो, हे त्या त्या ठिकाणच्या प्राध्यापकांवर अवलंबून आहे. परीक्षेत ज्याला गुण कमी त्याला विद्यार्थी किती वेळ देतात, हे शिक्षकांना मी सांगावयास नको.

भाषेसारखाच प्रदेशही शिकावा लागतो. दक्षिण गुजरातेत पावसाळा उतरू लागला की भातशेतीत व उसात राबणारी माणसे ताप घेऊन येतात. डोळे लाल, अंगदुखी विलक्षण, आणि पोटऱ्या दाबल्या तर रुग्ण ओरडतो. येथे शिकलेल्या डॉक्टरचा हात आपोआप पोटरीकडे जातो, कारण त्याने लेप्टोस्पायरोसिस पाहिलेला असतो. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा हा रोग पहिल्या दिवसांत ओळखला तर पेनिसिलिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या, स्वस्त औषधाने आटोक्यात येतो. चार दिवस ‘साधा ताप’ म्हणून घालविले तर मूत्रपिंडे व फुप्फुसे यांवर येऊन बेतते. डॉक्सिसायक्लिनची गोळी काही रुपयांची, आणि मूत्रपिंडाच्या यंत्रावर ठेवलेल्या एका आठवड्याचा खर्च सांगून आपल्याला घाबरवीत नाही. हीच गोष्ट व्यवसायाची. इटलीतील रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्याने रुग्णाला विचारावयाच्या प्रश्नांत एका प्रश्नाची भर घातली: तू काम काय करतोस? खंभातला अकीक घासणारा कारागीर खोकत आला व हा प्रश्न विचारला गेला नाही, तर त्याच्या फुप्फुसात साचलेल्या दगडाच्या धुळीला क्षय समजून महिनोन्महिने औषध दिले जाते. सुरतेत मागाच्या खडखडाटात बारा-बारा तास उभे राहणाऱ्याला कमी ऐकू येते, हे कळावयास यंत्र लागत नाही. तो कोठे काम करतो हे ठाऊक असावे लागते.

येथून मी १९९४ कडे येतो. सभागृहातील वयस्क मंडळींना त्या सप्टेंबरची आठवण द्यावी लागणार नाही. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगची बातमी होती. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने माणसे दगावू लागली. वेड रोडच्या बाजूने पहिले रुग्ण आले. काही दिवसांत काही लाख लोक शहर सोडून गेले. स्टेशनावर डब्यांच्या टपांवर माणसे होती. टेट्रासायक्लिन दुकानांतून नाहीसे झाले, कारण ज्यांना गरज नव्हती त्यांनी ते आधी गिळले. देशभरात मिळून मृत्यू पन्नास-पंचावन्नच्या आसपास झाले, पण भीतीने जे केले ते रोगाने केले नाही.

डॉक्टरांचे काय झाले? शहरातील खाजगी दवाखाने मोठ्या संख्येने बंद झाले आणि त्यांचे मालक गावाबाहेर गेले, हे त्या वेळच्या वृत्तपत्रांनी छापले व ते खरे होते. नव्या सिव्हिल रुग्णालयात मात्र निवासी डॉक्टर, परिचारिका आणि सफाई कामगार रुग्णांजवळ राहिले. काही तेथूनही गेले असतील, पुष्कळ राहिले. मला या प्रश्नाने अनेक वर्षे विचारात पाडले आहे. शिक्षण तर सर्वांचे सारखेच झाले होते. कित्येकांचे एकाच महाविद्यालयात. शूर आणि भित्रे अशी वाटणी करून मोकळे होणे सोपे आहे. मला ती पटत नाही. निवासी डॉक्टर एकटा नव्हता. त्याच्या पुढे वरिष्ठ उभा होता, शेजारी सहकारी होता, तोंडाला लावावयास मुखपट्टी व घ्यावयास प्रतिबंधक औषध होते, आणि आपण नसलो तर कक्ष रिकामा पडेल हे त्याला डोळ्यांनी दिसत होते. खाजगी दवाखान्यातला डॉक्टर पदवी घेऊन बाहेर पडल्या दिवसापासून एकटा पडलेला होता. त्याला शेवटचे कोणी काही शिकविले होते ते दहा-पंधरा वर्षांपूर्वी. त्यानंतर त्याची शाळा म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी. प्लेग हा तर परीक्षेपुरता वाचून सोडून द्यावयाचा धडा झाला होता, कारण प्रयोगशाळेत सिद्ध झालेला प्लेगचा रुग्ण देशात १९६६ नंतर नोंदला गेलेला नव्हता. तो रोग योग्य औषध वेळेवर मिळाले तर बरा होतो आणि उपचार करणाऱ्याला प्रतिबंधक गोळ्यांनी संरक्षण मिळते, एवढे ज्याला खात्रीने ठाऊक असेल तो कदाचित थांबला असता. अज्ञानाचा आणि पळून जाण्याचा संबंध आपण समजतो त्याहून निकटचा आहे.

त्या प्रसंगाने दुसरेही एक उणे उघडे केले. रोग प्लेगच की आणखी काही, यावर नामवंत तज्ज्ञांत महिनोन्महिने वाद झाला. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत प्लेगचे जंतू वाढवून ओळखण्याची सवय व साहित्य दोन्ही उरलेली नव्हती. पुढे डॉ. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तो प्लेगच असल्याचा निष्कर्ष काढला आणि नंतरच्या जनुकीय तपासण्यांनी त्याला दुजोरा दिला. शिक्षणाच्या दृष्टीने यातला धडा असा की, जो विषय दुय्यम म्हणून शिकविला जातो, ज्या विभागात कोणी हुशार विद्यार्थी जावयास तयार नसतो, त्याच विभागाच्या दारात एक दिवस सारे शहर येऊन उभे राहते. श्री. एस. आर. राव यांनी १९९५ पासून महानगरपालिकेत जे केले ते सर्वांना ठाऊक आहे. गटारे, कचरा आणि अधिकाऱ्यांची रोजची फेरी यांनी शहराचे आरोग्य बदलले. त्यात स्टेथोस्कोपचा वाटा थोडा होता. पुढे महानगरपालिकेने स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालयही काढले. शासकीय महाविद्यालय तर १९६४ पासून आहेच.

आणि रखमाबाई? १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तो लवकरच सुरतेतही पोहोचला. ती सारी वर्षे रखमाबाई येथेच कामावर होत्या. हाफकिन यांची लस ग्रँट कॉलेजातील एका खोलीत तयार होऊन १८९७ च्या जानेवारीत त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. म्हणजे आरंभी उपचार म्हणावा असे डॉक्टरच्या हातात जवळजवळ काही नव्हते. रखमाबाईंविषयी एक गोष्ट सांगितली जाते. रुग्णालयात बाळंतपणाला आलेली बाई परत जात नाही, असा समज पसरलेला असल्याने बायका येईनात. तेव्हा बाईंनी एका गाभण शेळीचे बाळंतपण रुग्णालयात करून दाखविले, आणि मग हळूहळू बायका येऊ लागल्या. ही युक्ती लंडनच्या कोणत्याही तासाला शिकविलेली नसणार. परंतु समोरची बाई का येत नाही याचा शोध घेणे हे आपले काम आहे, हा समज मात्र कोठून तरी यावा लागतो. काहींना तो घरून मिळतो, काहींना सोसलेल्या आयुष्यातून. बहुसंख्यांना तो शिक्षकाच्या वागण्यातून मिळाला तरच मिळतो.

यालाच मी अलिखित अभ्यासक्रम म्हणतो. मोठे डॉक्टर कक्षातून फेरी मारतात तेव्हा मागे वीस विद्यार्थी असतात. डॉक्टर खाटेवरच्या मजुराला नावाने हाक मारतात की खाटेच्या क्रमांकाने, पोट तपासल्यावर पांघरूण परत ओढून देतात की तसेच पुढे जातात, त्याच्या बायकोच्या प्रश्नाला उत्तर देतात की ‘सिस्टरला विचार’ म्हणतात, हे सारे त्या वीस जणांच्या मनात उतरते. त्यावर परीक्षा नाही, म्हणून ते विसरलेही जात नाही. दहा वर्षांनी तीच वाक्ये, त्याच स्वरात, वीस दवाखान्यांतून ऐकू येतात.

आता एक महत्त्वाची शंका. चांगले शिकलेला डॉक्टर चांगला उपचार करतोच काय? याचा फार मार्मिक अभ्यास जिष्णू दास व त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशात केला. ठरावीक लक्षणे सांगावयास शिकविलेली माणसे रुग्ण म्हणून डॉक्टरांकडे पाठविण्यात आली. डॉक्टरला समोरचा खरा रुग्ण की शिकविलेला, हे ठाऊक नव्हते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ग्रामीण भागातील सरासरी तपासणी चार मिनिटांहूनही कमी वेळ चालली, विचारावयास हव्या त्या प्रश्नांतले सुमारे एक तृतीयांशच विचारले गेले, आणि बरोबर निदान क्वचितच सांगितले गेले. २०१६ साली त्यांनी आणखी पुढचे दाखविले. तोच सरकारी डॉक्टर सकाळी सरकारी दवाखान्यात आणि संध्याकाळी स्वतःच्या खाजगी दवाखान्यात पाहिला, तर खाजगीत तो अधिक वेळ देतो व अधिक तपासतो. डोके तेच, पदवी तीच. तेव्हा शिक्षणाने क्षमता येते. ती वापरावयाची की नाही हे पुष्कळदा तो ज्या व्यवस्थेत बसतो ती ठरविते. त्याच वर्षी बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तेथील पदवी नसलेल्या गावठी डॉक्टरांना नऊ महिने शिकविले. त्यांचे रोगनिदान व उपचार काही अंशी सुधारले. अनावश्यक औषधे देण्याची सवय मात्र जशीच्या तशी राहिली, कारण त्यांची कमाई औषधावर होती. आपल्या पदवीधरांविषयी यापेक्षा फार वेगळे काही घडत असेल, असे मानावयास मी तयार नाही.

कमाईचा विषय निघालाच आहे तर तो टाळण्यात अर्थ नाही. १९८० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात विनाअनुदान महाविद्यालयांचा मार्ग खुला झाला, आणि आज देशात अनेक ठिकाणी खाजगी जागेवर साडेपाच वर्षांच्या शिक्षणाचा खर्च कोटीच्या घरात जातो. बापाने शेत विकून किंवा कारखाना गहाण ठेवून जो मुलगा डॉक्टर केला, तो तालुक्याच्या गावी तापाचे रुग्ण तपासत बसेल ही अपेक्षा करणे व्यवहाराला सोडून आहे. तो पदव्युत्तर जागेच्या मागे लागतो, आणि तीही अशा शाखेत जिथे रात्री झोपमोड नाही व पैसा बरा आहे. क्ष-किरण आणि त्वचारोग यांच्या जागा पहिल्यांदा भरतात. शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, जनआरोग्य यांच्या रिकाम्या राहतात. २०२३ साली तर पदव्युत्तर जागा भरण्यासाठी पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणावी लागली. म्हणजे उद्या आपल्या मुलांना शरीररचना कोण शिकविणार, हा प्रश्नच आहे. यात सर्वांत मोठी हानी होते ती आंतरवासितेच्या वर्षाची. पदवीपूर्वीचे ते एक वर्ष खास खाटेपाशी राहण्यासाठी ठेवलेले आहे. विद्यार्थी मात्र त्या वर्षी पुढच्या परीक्षेची बहुपर्यायी प्रश्नांची पुस्तके घेऊन ग्रंथालयात बसतो. बाळंतपण करावयास, हाड बसवावयास, मरणाऱ्याच्या नातेवाइकांशी बोलावयास शिकण्याची वेळ निघून जाते ती कायमची.

जुन्या पिढीच्या श्रोत्यांना गावोगावचे एल.सी.पी.एस. डॉक्टर आठवत असतील. पदवीपेक्षा लहान अभ्यासक्रम, पण गावाशी बांधलेला माणूस. १९४६ साली भोर समितीने अहवाल दिला तेव्हा देशातील सुमारे सत्तेचाळीस हजार नोंदणीकृत डॉक्टरांपैकी जवळजवळ तीस हजार अशा पदविकेचे होते. समितीच्या बहुमताने तो अभ्यासक्रम बंद करून एकच ‘मूलभूत डॉक्टर’ घडवावा, असे सुचविले. हेतू उदात्त होता. खेड्याला दुय्यम डॉक्टर का द्यावा, असा. प्रत्यक्षात खेड्याला दुय्यमही मिळाला नाही आणि पहिला शहरातून हलला नाही. या बाबतीत समितीचा निर्णय मला आजही पटत नाही, यद्यपि तिच्या अहवालाइतका दूरदर्शी दस्तऐवज आपल्या आरोग्यखात्यात दुसरा नाही.

मग काहीच जमले नाही काय? जमले आहे, आणि ते मराठी मुलखातच पाहावयास मिळते. सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सुरू केलेल्या महाविद्यालयात नवा विद्यार्थी प्रथम आश्रमात राहतो, आणि प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेऊन त्या गावातल्या कुटुंबांकडे वर्षानुवर्षे जाते. अलीकडे साऱ्या देशातील महाविद्यालयांना कुटुंब दत्तक घेण्याची जी योजना लागू झाली तिचे मूळ अशाच प्रयोगांत आहे. वेल्लोरला शिकलेले डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला गेले आणि निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्या बाईला नवजात बाळाचा श्वास मोजावयास आणि जंतुसंसर्ग झाल्यास इंजेक्शन द्यावयास शिकविले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधानुसार त्या गावांतले नवजात बालमृत्यू सुमारे बासष्ट टक्क्यांनी घटले. ही दोन्ही दांपत्ये उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जाऊन आलेली. म्हणजे परदेशी शिक्षण माणसाला गावापासून तोडतेच असे नाही. जाण्यापूर्वी गाव मनात असावे लागते.

शेवटी पालकांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला चोवीस लाखांच्या आसपास विद्यार्थ्यांनी नोंदणी केली आणि पदवीच्या जागा साधारण एक लाखाच्या वर होत्या. ज्यांना येथे जागा मिळत नाही ते परदेशाची वाट धरतात. तेथून परतल्यावर द्यावयाच्या परीक्षेत अनेक सत्रांत निम्म्याहून पुष्कळ कमी विद्यार्थी उत्तीर्ण होतात. मुले मंद असतात असे नाही. कित्येक ठिकाणी त्यांना रुग्णाची भाषा येत नाही म्हणून खाटेपाशी उभेच करीत नाहीत. लंडनच्या त्या विद्यालयाची पहिली तीन वर्षे जशी, तशी त्यांची सारी सहा वर्षे जातात. तेव्हा महाविद्यालय निवडताना इमारत, वातानुकूलित सभागृह, छापील माहितीपत्रक यांवर जाऊ नये. एखाद्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता, न कळविता, त्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जाऊन बसावे. रांग किती मोठी आहे ते पाहावे. किती खाटांवर खरोखर रुग्ण आहेत, प्रसूतिकक्षात रात्री किती बाळंतपणे होतात, प्राध्यापक किती वाजता येतात, आणि आल्यावर त्यांच्यामागे विद्यार्थी असतात की औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, हे पाहावे. आधीच्या तुकडीतल्या एखाद्या मुलाला विचारावे, की तू स्वतःच्या हाताने किती शिरा टोचल्यास व किती टाके घातलेस. ज्या ठिकाणी रांग मोठी, भिंतींचा रंग उडालेला आणि प्राध्यापक नऊच्या ठोक्याला हजर, ती जागा फी कमी असो वा नसो, सोडू नये.

ज्या पालकांना यंदाच्या प्रवेशासंबंधी सविस्तर बोलावयाचे असेल, त्यांनी चहापानानंतर शाळेच्या ग्रंथालयात यावे. मी सातपर्यंत तेथे आहे.